उद्याच्या प्रश्नांसाठी आजच्या नोंदी
(प्रस्तावना)

सातबारा म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण तो कागद एक रचना म्हणून फारसा कुणी पाहत नाही. गाव नमुना सात हे अधिकार अभिलेख पत्रक : वर गट क्रमांक, खाली भोगवटादार, क्षेत्र, आकार, इतर अधिकार. नमुना बारा पिकांचा. सातवरचेच खातेदार नमुना आठ-अ मध्ये पुन्हा येतात, पण तिथे मांडणी उलटी असते. सातवर जमिनीवरून माणूस शोधायचा, आठ-अ वर माणसावरून जमीन. यांत काहीही बदल करायचा तर आधी नमुना सहा, म्हणजे फेरफाराची नोंदवही. तलाठ्याने तिथे नोंद धरायची, हितसंबंधितांना नोटीस काढायची, मुदतीत हरकत आली नाही तर मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित करायची, आणि मगच सातबाऱ्यावर अंमल द्यायचा. जुनं नाव पुसून टाकत नाहीत. त्याला कंस करतात आणि शेजारी फेरफार क्रमांक लिहितात. डेटाबेसच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात की, इंडेक्स, ट्रान्झॅक्शन आणि लॉग अशी चार मोठी प्रकरणं असतात. ती चारही या दप्तरात आहेत, आणि संगणक गावात पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून आहेत.

आता या दप्तराला एक साधा प्रश्न विचारा : तालुक्यात एकूण किती क्षेत्र बायकांच्या नावावर आहे? उत्तर दप्तरातच आहे. गट न गट, नाव न नाव लिहिलेलं आहे. पण ते बाहेर काढायचं तर गावोगावचं दप्तर उघडून पान न पान वाचावं लागेल, कारण ज्यांनी हे नमुने आखले त्यांच्या मनात दोन-तीन ठरावीक प्रश्न होते आणि हा त्यांत नव्हता. सगळं संगणकावर चढवल्यानं तो आपोआप सुटतो असंही नाही. सातवर नाव असतं, स्त्री की पुरुष हा रकाना नसतो. आणि ‘इतर अधिकार’ या रकान्यात तर कूळ, सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, कोर्टाचा मनाई हुकूम, काय वाटेल ते आणि वाटेल त्या शब्दांत लिहिलेलं सापडतं.

उद्या कोण काय विचारील हे ठाऊक नसताना आज नोंद कशी ठेवायची, हा या पुस्तकाचा विषय आहे. विद्यापीठांत त्याची तीन खात्यांत वाटणी झाली आहे. नोंदी साठवायच्या कशा आणि विचारल्यावर बिनचूक, झटपट परत द्यायच्या कशा, हे डेटाबेसवाल्यांचं काम. नोंदींतून आधी माहीत नसलेलं काही कसं शोधायचं, आणि शोधलेलं खरं कशावरून, हे विश्लेषणवाल्यांचं. आणि नोंद ठेवणारी, वाचणारी, तिच्या जोरावर दुसऱ्याला होकार-नकार देणारी जी माणसं आणि कचेऱ्या, त्यांचा अभ्यास माहितीप्रणालीवाल्यांचा. तिघांच्या परिषदा वेगळ्या, नियतकालिकं वेगळी, आणि एकमेकांचं वाचण्याची सवय बेताचीच. पहिले दोघे तिसऱ्याला ‘मॅनेजमेंटवाले’ म्हणून बाजूला सारतात. माझ्या मते यात नुकसान पहिल्या दोघांचं जास्त होतं.

यंत्राने नोंदी मोजण्याची सुरुवात सहसा अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेपासून सांगतात. हर्मन हॉलरिथ यांनी माणशी एक कार्ड केलं, उत्तराप्रमाणे त्यात भोकं पाडली आणि विजेवर चालणाऱ्या यंत्रानं ती मोजली. त्यांची कंपनी पुढे इतरांत विलीन झाली आणि १९२४ मध्ये तिचं नाव आयबीएम झालं. पण कार्डांचा गठ्ठा हा शेवटी गठ्ठाच. पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरवायचा. चुंबकीय चकती आली तेव्हा हव्या त्या नोंदीकडे थेट उडी मारता येऊ लागली, आणि तेव्हा खरा प्रश्न पुढे आला. उडी मारायची, पण कुठे?

१९६० च्या दशकात चार्ल्स बाखमन यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये बांधलेल्या आयडीएस या प्रणालीचं उत्तर असं, की एका नोंदीत दुसऱ्या नोंदीचा पत्ता लिहून ठेवावा. गिऱ्हाइकाच्या नोंदीतून त्याच्या पहिल्या ऑर्डरकडे, तिथून दुसरीकडे, ऑर्डरीतून मालाकडे. त्याच सुमारास आयबीएमनं अपोलो मोहिमेसाठी आयएमएस बांधली. सॅटर्न रॉकेटचे लाखो सुटे भाग, त्यांत भागांचे भाग, अशी ती उतरंड होती आणि आयएमएसची मांडणीही तशीच. दोन्ही प्रणाली वेगवान होत्या. पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला सगळ्या वाटा पाठ असाव्या लागत. १९७३ चा ट्युरिंग पुरस्कार घेताना बाखमन यांनी प्रोग्रॅमरला नाविकाची उपमा दिली, ती अभिमानानं. पण त्यातच अडचण होती. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद कुठल्या रुमालात आहे हे सांगणारा जाणता माणूस नसेल तर अभ्यासकाचं काही चालत नाही; गो. स. सरदेसायांनी त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड छापवून घेतले, ते त्यामुळेच मोलाचे. बाखमनच्या प्रणालीत असा जाणता प्रत्येक प्रोग्रॅममध्ये बसवलेला होता, आणि रुमाल हलले की सगळे प्रोग्रॅम बंद.

१९७० च्या जूनमध्ये एडगर कॉड यांचा लेख प्रसिद्ध झाला. जन्मानं इंग्रज, दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात, नंतर आयबीएमच्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेत आलेले हे गणिती. लेख अवघा ११ पानांचा. त्यातली कल्पना सांगायला सोपी आणि पचायला अवघड आहे. सगळी माहिती साध्या तक्त्यांत ठेवा. एका तक्त्यातून दुसऱ्या तक्त्यात जायला पत्ता नको; दोन्हीकडे असलेलं समान मूल्य पुरे, जसा सात आणि आठ-अ यांना जोडणारा खाते क्रमांक. आणि विचारणाऱ्यानं फक्त ‘काय हवं’ ते सांगावं. ‘कसं आणायचं’ ते यंत्र बघेल. साठवण एकीकडे, प्रश्न दुसरीकडे. साठवण बदलली तरी प्रश्न तोच राहतो, आणि साठवताना कुणाच्या स्वप्नातही नसलेला प्रश्न पुढे विचारता येतो.

आज हे उघड वाटतं. तेव्हा खुद्द आयबीएमला ते नकोसं होतं, कारण आयएमएस खपत होती. १९७४ मध्ये मिशिगनमधल्या ॲन आर्बरला कॉड आणि बाखमन यांचा जाहीर वाद झाला. बाखमनपक्षाचा आक्षेप रास्त होता : वाट यंत्रानं शोधायची म्हणता, पण ते माणसाइतकं हुशार असेल कशावरून? त्याचं उत्तर वादात मिळालं नाही, बांधून दाखवावं लागलं. सॅन होजेला ‘सिस्टिम आर’ आणि बर्कलीला मायकेल स्टोनब्रेकर व युजीन वाँग यांचं ‘इन्ग्रेस’ असे दोन प्रकल्प जवळजवळ एकाच वेळी उभे राहिले. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी घडवलेली सीक्वेल, म्हणजे आजची एसक्यूएल, ही सिस्टिम आरची देणगी. आणि पॅट्रिशिया सेलिंजर यांच्या गटाचा १९७९ चा लेख हे बाखमनपक्षाच्या आक्षेपाचं खरं उत्तर.

हा मुद्दा जरा थांबून पाहण्यासारखा आहे. समजा, एका साखर कारखान्याच्या डेटाबेसला विचारलं, की अमुक गावातले, आडसाली ऊस लावलेले आणि पीककर्ज थकलेले सभासद कोण? आधी गाव निवडून त्यातले थकबाकीदार पाहायचे, की आधी थकबाकीदार काढून त्यांतले गावचे पाहायचे? उत्तर एकच येणार, पण एका वाटेनं निमिषात आणि दुसरीनं तासाभरात. तक्ते १० असतील तर ते एकामागून एक जोडण्याचे क्रमच ३६ लाख २८ हजार ८०० होतात. सेलिंजर यांनी प्रत्येक वाटेचा खर्च आधीच अजमावायची पद्धत दिली : तक्त्यात ओळी किती, रकान्यात वेगवेगळी मूल्यं किती, इंडेक्स आहे का. आजचे बहुतेक मोठे डेटाबेस तिचंच पुढचं रूप वापरतात. अंदाज चुकतोही. बंगळुरूच्या आयआयएस्सीत जयंत हरित्सा यांच्या गटानं वाट निवडणारे हे ऑप्टिमायझर कुठल्या परिस्थितीत कुठली वाट धरतात त्याची रंगीत चित्रं काढली. ती इतकी तुकड्यातुकड्यांची निघाली की त्या सॉफ्टवेअरचं नाव त्यांनी ‘पिकासो’ ठेवलं.

आता इंडेक्स, म्हणजे नोंद कुठे आहे ते सांगणारी सूची. बोइंगमध्ये काम करणाऱ्या रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांचं बी-ट्री हे झाड उंच वाढत नाही, पसरतं. एका फांदीला ५०० फांद्या फुटल्या तर तीन पायऱ्यांत साडेबारा कोटी नोंदींपर्यंत पोहोचता येतं. बँकेच्या काउंटरवर खाते क्रमांक टाकताच खातं समोर येतं, त्यामागे साधारणपणे हेच असतं.

मग ट्रान्झॅक्शन. गणपतीच्या आधी कोकण रेल्वेचं आरक्षण उघडतं त्या सकाळी, एका बर्थवर एकाच क्षणी दोघांनी बोट ठेवलं तर? दोघांनाही ‘शिल्लक आहे’ दिसलं, दोघांचेही पैसे गेले, तर मिळणार कुणाला? आणि पैसे कापल्यावर, तिकीट निघायच्या आत वीज गेली तर? एक तर सगळं व्हावं नाहीतर काहीच होऊ नये, आणि झालेलं पुन्हा हरवू नये, ही हमी द्यायची कशी यावर जिम ग्रे यांनी आयुष्य घालवलं. १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना त्यासाठीच मिळाला. जानेवारी २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळ समुद्रात एकटेच नाव घेऊन गेलेले ग्रे परत आले नाहीत. त्यांच्या शोधासाठी मित्रांनी उपग्रहाची छायाचित्रं मिळवली आणि हजारो स्वयंसेवकांनी ती तुकड्यातुकड्यांनी डोळ्यांखालून घातली. आधी लॉगमध्ये लिहा, मग मूळ नोंद बदला, हा या शाखेचा मुख्य दंडक. फेरफाराच्या वहीला तो नवा नाही.

१९८६-८७ पर्यंत एसक्यूएल प्रमाणभाषा झाली आणि पुढची पंधरा-वीस वर्षं या राज्याला कुणी आव्हान दिलं नाही. मध्ये ऑब्जेक्ट डेटाबेसचा बोलबाला झाला आणि ओसरला. त्यावर इथे शाई खर्चण्याचं कारण नाही. खरं आव्हान इंटरनेटनं दिलं. गूगलनं २००३ ते २००६ च्या दरम्यान आपल्या अंतर्गत प्रणालींवर तीन लेख प्रसिद्ध केले आणि २००७ मध्ये ॲमेझॉननं ‘डायनॅमो’ मांडला. हजारो स्वस्त यंत्रांवर माहिती विखुरली की त्यांच्यातला दुवा कधीतरी तुटणारच. तेव्हा ‘थांबा, खात्री करून सांगतो’ म्हणायचं, की ‘हे घ्या, थोडं शिळं असेल’ म्हणायचं, यांतून एक निवडावं लागतं. एरिक ब्रूअर यांनी हे २००० मध्ये मांडलं, गिल्बर्ट आणि लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केलं. ॲमेझॉननं दुसरा पर्याय घेतला, आणि त्याची किंमतही त्या लेखात लिहिली आहे : खरेदीच्या यादीतून काढून टाकलेली वस्तू कधीकधी पुन्हा उगवते. दुकानदाराला ते परवडतं, बँकेला नाही. २०१२ च्या ‘स्पॅनर’ लेखात खुद्द गूगलच अणुघड्याळं लावून ट्रान्झॅक्शनकडे परतलं. तेव्हा कॉडचा पराभव झाला अशी जी हाकाटी झाली होती ती अवेळीच म्हणायची. दरम्यान रिचर्ड हिप यांचा एसक्यूलाइट हा चिमुकला डेटाबेस गाजावाजा न करता जगातल्या बहुतेक फोनांत जाऊन बसला. तुमच्या व्हॉट्सॲपचे निरोप फोनमध्ये त्यातच असतात.

विश्लेषणाचं घराणं वेगळं आणि जुनं. त्याची भारतातली गोष्ट संगणकापासून नाही, शेतापासून सुरू होते. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कोलकात्याला भारतीय सांख्यिकी संस्था काढली, १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू केली. दुसरं नाव आपल्याकडे घ्यावं तितकं घेतलं जात नाही : पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, लंडनला नेमान आणि पिअरसन यांच्याकडे शिकलेले. देशात धान्य किती पिकतं ते नमुन्यावरून कसं काढायचं, हा तेव्हाचा कळीचा प्रश्न. शेतात एक छोटा तुकडा आखायचा, त्यातलं पीक कापून वजन करायचं आणि त्यावरून हिशेब करायचा. महालनोबिसांचा कल लहान तुकड्यांकडे. खर्च कमी, तुकडे जास्त. सुखात्मे यांनी दाखवलं की तुकडा फार लहान घेतला की उत्पन्न फुगून येतं. कारण गणितात नाही, हातात आहे. कडेवरचं ताट आत की बाहेर असा संशय आला की कापणारा ते आत धरतो. लहान तुकड्यात आतल्या जागेच्या मानाने कड जास्त, म्हणून चूकही जास्त. असे हजार तुकडे घ्या, लाख घ्या. चूक सगळीकडे एकाच दिशेची असेल तर सरासरीत ती विरत नाही, उलट खात्रीचं रूप घेऊन बसते.

‘डेटा भरपूर आहे, आता चूक कसली?’ असं म्हणणाऱ्यांसाठी हे प्रकरण मी मुद्दाम पुस्तकात घेतलं आहे. साठ-सत्तर वर्षांनी गूगलनं लोक काय शोधतात त्यावरून फ्लूची साथ ओळखण्याचा प्रयोग केला. आरंभी वाहवा झाली, आणि २०१२-१३ च्या हंगामात अंदाज प्रत्यक्षाच्या खूप वर गेले. कडेवरची ताटं तिथेही होती.

जॉन ट्यूकी यांनी १९६२ मध्ये सांख्यिकीवाल्यांना सुनावलं, की सिद्धतेच्या नादात तुम्ही डेटाकडे बघायचंच विसरलात. पाहणं, आलेख काढणं, शंका घेणं, याला त्यांनी शास्त्राचा मान मिळवून दिला. १९९० नंतर डेटाबेसवालेही या प्रांतात शिरले. राकेश अग्रवाल आणि रामकृष्णन श्रीकांत यांचं १९९४ चं काम त्यातलं ठळक : दुकानाच्या लाखो बिलांतून कुठल्या वस्तू एकत्र विकल्या जातात ते कसं शोधावं. बिअर आणि डायपर एकत्र खपतात ही त्यावरची जगप्रसिद्ध गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती बरीचशी दंतकथा आहे, पण वर्गात हमखास चालते. १९९६ मध्ये डेटाबेसवाल्यांची व्हीएलडीबी ही मोठी जागतिक परिषद मुंबईत भरली होती. आयआयटी मुंबईतल्या एस. सुदर्शन यांचं, झिल्बरशॅट्झ आणि कॉर्थ यांच्यासह लिहिलेलं पाठ्यपुस्तक जगभर शिकवलं जातं. तिथल्याच सुनीता सरावगी यांनी मोकळ्या मजकुरातून तक्ते कसे उपसावेत यावर पायाभूत काम केलं. ‘इतर अधिकार’ या रकान्याचं औषध शोधणाऱ्याला त्यांच्याकडे वळावं लागेल.

तिसरं घराणं माहितीप्रणालीचं. मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन डेव्हिस यांनी त्याला अभ्यासशाखेचं रूप दिलं, १९७७ मध्ये त्याचं प्रमुख नियतकालिक निघालं. अमेरिकी शाखेचा सर्वांत गाजलेला सिद्धांत १९८९ चा : माणूस नवी प्रणाली वापरतो ती उपयोगी वाटली आणि सोपी वाटली तर. यावर जगभर इतक्या प्रश्नावल्या भरून घेतल्या गेल्या की त्यांचाच एक डेटाबेस व्हावा. हाती लागलं त्या मानानं थोडं. स्कँडिनेव्हियातली धारा मला अधिक कसदार वाटते. क्रिस्टेन निगार्ड यांनी १९७० च्या दशकात नॉर्वेच्या लोखंड व धातू कामगार संघटनेबरोबर बसून, कारखान्यात येणारा संगणक कामगारांच्या बाजूनं कसा वाचायचा ते शोधलं. नॉर्वेतल्याच ओस्लोत पुढे सार्वजनिक आरोग्याच्या नोंदींची एक मुक्त प्रणाली वाढली. तिची सुरुवात वर्णभेदोत्तर दक्षिण आफ्रिकेत झाली, आणि आज ती अनेक गरीब देशांत वापरात आहे.

या धारेचा मुद्दा पटायला वारणेचं उदाहरण पुरे. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांत संगणक केंद्रं बसवण्याचा ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प वारणा सहकारी समूहात मोठ्या अपेक्षेनं सुरू झाला. शेतीची माहिती, बाजारभाव, शिक्षण, सगळं एका खिडकीत. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळुरूच्या संशोधकांनी जाऊन पाहिलं, तेव्हा केंद्रांचा उपयोग मुख्यतः उसाच्या व्यवहारापुरता उरला होता : नोंद किती, तोड कधी, वजन किती भरलं, पैसे किती झाले. इतक्यासाठी संगणक, त्याची दुरुस्ती आणि वीज सांभाळायची गरज काय? त्यांनी सात गावांत तीच सगळी माहिती साध्या फोनवर एसएमएसनं द्यायची सोय करून आठ महिने चालवली. ती स्वस्त पडली, सोयीची झाली आणि शेतकऱ्यांनी ती जास्त पसंत केली. डेटाबेसच्या दृष्टीनं दोन्ही प्रणाली सारख्याच होत्या. फरक होता तो केंद्र उघडं आहे का हे बघायला न जाता, बांधावर उभं राहून प्रश्न विचारता येण्याचा.

आज हा विषय साऱ्यांनीच समजून घ्यायची निकड आहे, कारण नोंद लिहिणारा हात बदलतो आहे. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. त्यानंतर रेशन, पेन्शन, शिष्यवृत्ती अशी एकेक यादी दुसऱ्या यादीशी जुळवली जाऊ लागली. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच बांधावरून फोटो काढून पिकाची नोंद करतो. तलाठ्याचं काम तपासण्याचं झालं. लांबलेली जनगणना २०२७ ची म्हणून होते आहे आणि ती कागदाऐवजी ॲपवर. आणि भाषेची प्रारूपं आता मराठीत विचारलेल्या प्रश्नाची एसक्यूएल करून देतात. ती चुकीची झाली तरीही उत्तर तितक्याच सफाईनं येतं, आणि रकाना न वाचणाऱ्याला ते कळत नाही.

याद्या जुळवणं हे स्वतःच एक शास्त्र आहे. कॅनडाच्या सांख्यिकी खात्यातले फेलेगी आणि संटर यांनी १९६९ मध्ये त्याचं गणित मांडलं. दोन नोंदी एकाच माणसाच्या असण्याची शक्यता प्रत्येक जुळणाऱ्या रकान्यागणिक कशी वाढते, आणि दुर्मीळ आडनाव जुळलं तर ती जास्त का वाढते, हे त्यांनी दाखवलं. पण हे गणित आपल्याकडे आणताना पुष्कळ काही सोबत आणावं लागतं. सातबाऱ्यावर ‘दत्तू रामा’, आधारवर ‘दत्तात्रय रामचंद्र’, बँकेत इंग्रजीत ‘डी. आर.’. बाईचं तर माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर, आणि वडिलांच्या जागी नवऱ्याचं. शिवाय लिपीच्या अडचणी. युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप केलेला मजकूर यंत्राच्या लेखी निव्वळ रोमन अक्षरांचा कचरा. युनिकोडमध्येही ‘दऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो, डोळ्याला दोन्ही सारखे, शोधणाऱ्या यंत्राला भिन्न. संकेतक्रमात ळ येतो ल च्या पाठोपाठ, आपल्या वर्णमालेत ह च्या नंतर. म्हणून मतदारयादी नुसत्या संकेतक्रमानं लावली की काही आडनावं भलत्याच जागी जाऊन बसतात. पुण्याच्या सी-डॅकनं भारतीय लिप्यांवर केलेलं काम मोठं आहे. तरीही ‘मराठी नावं जुळवावी कशी’ या प्रश्नावर पुरेसं उघड संशोधन मला दिसत नाही. कुणा विद्यार्थ्याला पीएच.डी.चा विषय हवा असेल तर हा घ्यावा.

जुळवण्याची दुसरी बाजू म्हणजे उघडं पडणं. लतन्या स्वीनी यांनी १९९० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधला, नावं काढून टाकलेला रुग्णालयांचा डेटा घेतला, मतदारयादीशी जुळवला आणि खुद्द गव्हर्नरची वैद्यकीय नोंद शोधून काढली. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढंच पुरलं. आपल्या गावात तर इतकंही लागत नाही : ‘चाळिशीची विधवा, दोन एकर, द्राक्षबाग’ म्हटलं की पारावरचा कुणीही नाव सांगेल. सिंथिया ड्वर्क आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये यावर गणिती तोडगा दिला, की उत्तरात मोजूनमापून थोडी गडबड मिसळावी. अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत तो वापरला गेला, आणि आकडे बिघडले म्हणून भांडणंही झाली. आपल्याकडे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा मूलभूत हक्क मानला, २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. कायदा संमती मागायला लावतो. दोन निरुपद्रवी याद्या एकत्र आल्यावर काय होतं, ते कायद्याच्या भाषेत पकडणं अवघड आहे. हा प्रश्न सुटलेला नाही, आणि पुस्तकातही तो सुटलेला दाखवलेला नाही.

पुस्तक लिहिताना वाचक म्हणून मी प्रोग्रॅमर डोळ्यांसमोर ठेवलेला नाही. पतसंस्थेत संगणकावर बसणारी, जिल्हा परिषदेत आरोग्याचे मासिक तक्ते भरणारी, वर्तमानपत्रासाठी आकडेवारी तपासणारी, समाजशास्त्रात पाहणीची प्रश्नावली आखणारी अशी माणसं मनात होती. आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी, ज्यांना नॉर्मलायझेशनचे नियम पाठ असतात पण ते कशासाठी हे कुणी सांगितलेलं नसतं. तिन्ही घराणी एका पुस्तकात आणल्यानं प्रत्येकाच्या जाणकाराला आपला भाग तोकडा वाटेल, हे मी धरून चालतो. उत्पादनांची तुलना इथे नाही. ती दोन वर्षांत शिळी होते. यंत्रशिक्षणाला एकच प्रकरण दिलं आहे, कारण त्यावर मराठीत सध्या पुष्कळ लिहिलं जातं आहे, आणि डेटा आला कुठून याविषयी जवळजवळ काहीच नाही.

सरावासाठी एका काल्पनिक गावाचं दप्तर तक्त्यांच्या रूपात दिलं आहे. नमुने खरे, माणसं आणि गट क्रमांक बनवलेले. खरं गाव घेऊन नावं बदलण्याचा विचार होता. स्वीनी यांचं प्रकरण लिहून झाल्यावर तो सोडून दिला. त्या दप्तरात काही चुका मुद्दाम ठेवल्या आहेत : एकाच खातेदाराची दोन नावं, बेरजेत न बसणारं क्षेत्र, प्रमाणित न होताच अंमल दिलेला एक फेरफार. त्या कुठे आहेत हे पुस्तकात सांगितलेलं नाही. शोधायला एसक्यूएल लागेल, पण दुसऱ्या प्रकरणात आहे तेवढीच. गणित दहावीपर्यंतचं पुरे. अपवाद फक्त ऑप्टिमायझरच्या प्रकरणाचा. ते पहिल्या वाचनात ओलांडून पुढे गेलं तरी चालेल, मात्र एखादी क्वेरी अर्धा तास अडकून बसली की त्याच्याकडे परत यावं.